काळ्या पाटीवरचा भिकाजी

पालीच्या बाजारामागच्या मंगल कार्यालयात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. लग्नसराई कधीच संपली होती, तरी दाराशी चपलांचा ढीग पडला होता आणि बाहेर कोल्हापूर रस्त्याच्या कडेला रिक्षा आडव्यातिडव्या लावलेल्या होत्या. आत स्टेजवर, जिथे एरवी नवरानवरीच्या खुर्च्या असतात, तिथे एक पाट, पाटावर लॅपटॉप आणि मागे भिंतीला भला मोठा टीव्ही. टीव्हीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर झेंडूच्या जाड माळा सोडलेल्या. मधला पडदा मात्र काळा कुळकुळीत. चित्र नाही, रंग नाही, काही नाही. एका कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती.

स्वामी अक्षरानंद त्या रेघेकडे बोट दाखवून बोलत होते. वय पन्नाशीच्या आतलं, अंगावर केशरी शाल, आवाज मात्र लोण्यासारखा. "तुमच्या मोबाइलात बोलणारे एआय असतात, ते मला ठाऊक आहेत," ते म्हणाले. "ते कंपनीचे. त्यांना रंग लागतो, चित्र लागतं, बोट लावायला चौकोन लागतात. इथे काय आहे? शून्य. शून्यातून अक्षर येतं. अक्षर म्हणजे ज्याचा क्षय नाही ते. माणूस जातो, अक्षर राहतं. आणि जे राहतं, ते बोलतं."

सभागृहात एक सुस्कारा फिरला. मागच्या रांगेत बसलेल्या डॉक्टर मृणालीने मनात म्हटलं, वाक्य छान आहे, अर्थ मात्र शोधावा लागेल.

पुढे हौसाकाकींची पाळी होती, गेलेल्या नवऱ्याशी, भिकाजीशी बोलण्याची. स्वामींची शिष्या दर्शनाताई लॅपटॉपपाशी बसली, तिने 'संकल्प' म्हणून दोनचार इंग्रजी अक्षरं खटखट दाबली, पडदा क्षणभर कोरा झाला आणि मग हौसाकाकींचा प्रश्न तिने टाइप केला. पलीकडून कोणी तरी लिहीत असल्यासारखी अक्षरं उमटू लागली. 'शाणे, पाय कसा आहे? अंगणातल् या रातांब् याखाली एकटीच बसून रडू नकोस. माझ् या आत् म् याला तेव् हा फार क् लेश होतात.'

जोडाक्षरं अशी तुटलेली येत. त्याचंही स्वामींकडे उत्तर होतं. देहाची जोडणी सुटली की अक्षरांचीही सुटते, असं ते सांगत. आणि हयातभर 'काय गो' नि 'नाय गो' बोललेला भिकाजी एकदम पुस्तकी मराठी कसा बोलायला लागला, असं एका म्हाताऱ्याने विचारलं तेव्हा स्वामी हसून म्हणाले होते की वर गेल्यावर भाषा शुद्ध होते. म्हाताऱ्याला ते पटलं होतं. मृणालीला वाटलं, याच हिशोबाने वर गेल्यावर सगळे एकाच शाळेत जात असणार.

हौसाकाकी मात्र पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. भिकाजीला जाऊन वर्ष व्हायचं होतं. 'शाणे' ही हाक तो एकटाच त्यांना मारायचा. जगात दुसरं कोणी तसं म्हणत नव्हतं.

मृणाली त्या हाकेसाठी नव्हे, पायासाठी आली होती. तिचा दवाखाना पालीच्या तिठ्याजवळ. स्वभाव जात्याच संशयी. लॅबचा रिपोर्टही ती एकदा बघून ठेवून देत नसे. हौसाकाकींच्या पायाच्या करंगळीवरची जखम भरायची थांबली, उलट कडा काळवंडायला लागल्या, तेव्हा तिने साखर तपासली आणि आकडा बघून सरळ त्यांचं घर गाठलं. फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या बाटल्या सील न फोडता तशाच उभ्या होत्या. का बंद केलंत, असं विचारल्यावर हौसाकाकींनी पदराने तोंड पुसलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "हे बोलले. शाणे, सुया टोचून घेव नको, मला बघवत नाय."

"कोण बोलले?"

"हेच. पाटीवर."

इन्सुलिनऐवजी त्या आता 'अक्षरजल' पीत होत्या. पडद्यासमोर ठेवलेलं पाणी, बाटलीत भरून दिलेलं. मृणालीने बाटली हुंगून पाहिली. पालीच्या नळाला येतं तेच पाणी होतं. तिने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी पाय कापावा लागेल असंही सांगितलं. हौसाकाकींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की बाय, तू शिकलेली आहेस, तुझं खरं असेल, पण चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याचं ऐकू की तुझं?

म्हणून ती आज मागच्या रांगेत बसली होती. घरी जाताना तिच्या डोक्यात एकच खुंटा रुतून बसला. 'शाणे' हा शब्द यंत्राला कळला कुठून? मग तिला आठवलं की आत शिरताना सगळ्यांचे मोबाइल बंद करून टोपलीत घेतले होते, लहरींना अडथळा येतो म्हणून. आणि पाळी यायच्या आधी प्रत्येकाला शेजारच्या खोलीत चहा मिळत होता. चहा देणारी हीच दर्शनाताई. गोड बोलणारी, हात हातात घेणारी. विचारपूस करणारी.

पुढच्या बैठकीला मृणालीने स्वतःचंच नाव लावलं.

चहाच्या खोलीत दर्शनाताईने तिचा हात हातात घेतला आणि कोण गेलं, असं हळूच विचारलं. मृणालीने खाली मान घातली आणि तिला ओमकार नावाचा धाकटा भाऊ होता म्हणून सांगितलं. तो लहानपणी खाडीत बुडाला. तो तिला 'मिनू' म्हणायचा. तिच्या दप्तरात गुपचूप करवंदं भरून ठेवायचा आणि मग वह्यांना डाग पडायचे म्हणून आई ओरडायची. खोटं बोलता बोलता तिचे कान तापले, कारण दर्शनाताईचे डोळे खरोखर भरून आले होते. ही बाई ढोंग करते आहे की हिचाही विश्वास आहे, ते मृणालीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

बराच वेळ तिला बसवून ठेवलं. मग पुकारा झाला. तीच खटखट, तोच काळा पडदा. आणि अक्षरं आली. 'मिनू, किती वर् षांनी भेटतेस. तुझ् या दप् तरातली करवंदं आठवतात का? पाण् याची भीती आता वाटत नाही मला. तू स् वतःला दोष देऊ नकोस.'

मृणालीला भाऊ नव्हता. ती आईवडिलांची एकुलती एक. ओमकार हे नाव तिने रिक्षातून येताना एका दुकानाच्या पाटीवर वाचलं होतं. तरीही 'तू स्वतःला दोष देऊ नकोस' हे वाक्य तिने पुन्हा एकदा वाचलं. कधी जन्मालाच न आलेल्या भावाची तिला क्षणभर खरीखुरी आठवण आली. त्या क्षणी तिला हौसाकाकी समजल्या, आणि त्या क्षणीच तिला खरी भीती वाटली.

सावरून तिने चहाच्या खोलीत न सांगितलेलं काही तरी विचारलं. आपण दोघं कुठे खेळायचो? पडदा जरा थबकला आणि उत्तर आलं की घरामागच्या आंब्याखाली. सभागृहात कौतुकाची कुजबुज उठली. रत्नागिरी जिल्ह्यात घरामागे आंबा सांगायला आत्मा कशाला हवा, असं मृणालीच्या ओठांवर आलं होतं. पण ती हात जोडून खाली उतरली.

संध्याकाळी तिने हौसाकाकींना सगळं खरं सांगितलं. काकी, मला भाऊ नाही. मी थापा मारल्या आणि त्या पाटीने मला माझ्याच थापा परत दिल्या. हौसाकाकींनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग म्हणाल्या की आईला नीट विचारलंस का? झाला असेल, गेला असेल, तुला सांगितलं नसेल. पोरीला उगाच दुःख कशाला, म्हणून आया गप्प बसतात.

मृणाली काकींच्या दारातल्या पायरीवर टेकली. तिला वाटलं होतं, खोटं उघडं पाडलं की काम झालं. पण खोटं कसं चालतं ते दिसल्याशिवाय ते पडत नाही. आणि ते काळं यंत्र कसं चालतं, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

तिला रोज दवाखान्यातून घरी सोडणारे रिक्षावाले फारुकभाई. त्यांच्या रिक्षात बसून तिने दुसऱ्या दिवशी सगळी हकिकत सांगितली. फारुकभाईंनी ऐकून घेतलं आणि रिक्षा तिच्या घराऐवजी स्वतःच्या घराकडे वळवली. त्यांची मुलगी महरीन पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करत असे. मृणालीने कागदावर ती तुटकी अक्षरं जशी आठवली तशी लिहून दाखवली. 'आत् म् याला', 'स् वतःला'. महरीन ते बघून हसायला लागली.

तिने स्वतःच्या कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडली. हिला टर्मिनल म्हणतात, ती म्हणाली. माऊस आणि चित्रं यायच्या आधीपासूनची ही खिडकी आहे. आम्ही प्रोग्रॅमर लोक अजून हीच वापरतो. हिच्यात इंग्रजी अक्षर छान बसतं, पण आपलं जोडाक्षर बहुतेक वेळा मोडतं, कारण ही प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचं घर देते. तिने 'आत्म्याला' असं टाइप केलं. काळ्या पडद्यावर 'आत् म् याला' उमटलं.

मृणाली पुढे वाकून बघत राहिली. ज्याच्यावर स्वामींनी अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं होतं, ती साधी छपाईची खोड होती.

मग महरीनने बाकीचं सांगितलं. या काळ्या खिडकीत चालणारे एआय मदतनीस आता बरेच आहेत आणि ती स्वतः कामासाठी रोज एक वापरते. मोबाइलवरच्या एआयचीच ही जात, फक्त कपडे साधे. एका ओळीचा हुकूम देऊन तो बसवायचा, आपल्या खात्याने आत जायचं, की झाला तयार. उत्तर इथे तयार होत नाही, ते इंटरनेटवरून येतं. स्वामींच्या शालीखाली हॉटस्पॉट चालू केलेला एखादा फोन असणारच. पण गंमत त्याच्या मांडणीत आहे. ज्या फोल्डरमधून हा मदतनीस सुरू करतो, त्या फोल्डरमध्ये आपण सूचनांची एक साधी फाइल लिहून ठेवायची. सुरू होताना तो आधी ती वाचतो. तू कोण आहेस, कुणाशी बोलतो आहेस, कसं बोलायचं, काय सांगायचं. लोक त्यात कामाचे नियम लिहितात.

"आणि तो माणूस त्यात मेलेला नवरा लिहितो," मृणाली म्हणाली.

आपण रोज हाताळतो ती वस्तू असल्या कामाला लागलेली महरीनला पहिल्यांदाच दिसत होती. तो संकल्प म्हणजे दुसरं काही नाही, ती म्हणाली. या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये जाण्याचा हुकूम आहे. भिकाजीच्या फोल्डरमधून ओमकारच्या.

मृणालीला तेवढ्यावर समाधान नव्हतं. तिने महरीनला सगळं पहिल्यापासून करून दाखवायला लावलं. बसवणं, खातं, फोल्डर, फाइल. प्रत्येक पायरीला तिने हे कशावरून, ते कशावरून असं विचारलं. फारुकभाई दारात उभे राहून ऐकत होते. शेवटी ते म्हणाले की मॅडम, एवढी उलटतपासणी त्या बाबाची कोणी केली असती तर तो चिपळूणच्या पुढे आला नसता.

आता प्रश्न होता सभागृहात दाखवायचं काय. भिकाजीला बोलतं करणं सोपं होतं, पण मृणालीने साफ नाही म्हटलं. त्या बाईच्या जखमेत पुन्हा बोट घालायचं नाही. कुणाचाही मेलेला माणूस घ्यायचा नाही. मग घ्यायचा कोण? फारुकभाईंनी खांदे उडवले. मला घ्या, म्हणाले. मी हजर आहे.

पुढच्या बैठकीत गर्दी आणखी वाढली होती; राजापूरहून एसटीने माणसं आली होती. स्वामींनी नेहमीप्रमाणे शंका असेल त्याने पुढे यावं असं आवाहन केलं. नेहमी कोणी येत नसे. मृणाली उठून स्टेजपाशी गेली आणि मागच्या वेळी तुम्ही माझा भाऊ बोलावलात, पण मला भाऊ कधी नव्हताच, असं तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

स्वामी जराही चळले नाहीत. पूर्वजन्मीचा असेल, ते म्हणाले, आणि कित्येक माना डोलल्या. पहिल्या रांगेत हौसाकाकींचीही.

मृणालीला हे अपेक्षितच होतं. तिने विचारलं की मग या पाटीवर जिवंत माणसाचा आत्मा येऊ शकतो का? स्वामी हसले. जिवंताचा आत्मा देहात कोंडलेला असतो, तो पाटीवर येणं त्रिकालात शक्य नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

"तर मग आम्ही तो आणून दाखवतो," मृणाली म्हणाली. "चालेल ना?"

दर्शनाताई मध्ये आली. पाटी बाटेल, परक्या हाताने चालणार नाही. पण लोक आता पुढे सरसावले होते. चमत्कार बघायला आलेल्या माणसाला दुसरा चमत्कार फुकट मिळत असेल तर तो कशाला सोडतो? बघू द्या की, असं मागून कोणी तरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणू लागले. स्वामींना गर्दीची सवय होती. गर्दी कुठे वळते ते त्यांना चटकन कळत असे. त्यांनी हात वर करून परवानगी दिली, जणू ती त्यांचीच कल्पना होती.

टीव्हीची केबल काढायला महरीनने झेंडूच्या माळा बाजूला केल्या. खाली स्वामींचाच पडदा अजून चालू होता. वरच्या माळेमागे इंग्रजीत त्या मदतनीसाचं नाव होतं. खालच्या माळेमागे एक बारीक ओळ होती आणि ओळीच्या टोकाला एक शब्द. महरीनने तो मोठ्याने वाचला. 'हौसा'. लोकांना त्याचा अर्थ कळला नाही. दर्शनाताईने मात्र पटकन लॅपटॉप मिटला.

मग महरीनने स्वतःचा लॅपटॉप जोडला. अवघ्या सभागृहासमोर तिने काळी खिडकी उघडली, टोपलीतून परत घेतलेल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला आणि एका ओळीचा हुकूम लिहिला. पडद्यावरून अक्षरांच्या रांगा धावत गेल्या. मदतनीस बसला. तिने आपल्या खात्याने प्रवेश केला, 'फारुक' नावाचं रिकामं फोल्डर केलं आणि त्यात एक फाइल उघडून मराठीत लिहायला लागली. लिहिता लिहिता वाचून दाखवत होती. "तू फारुक आहेस. पालीला रिक्षा चालवायचास. तू आता हयात नाहीस. तुझी बायको रझिया. तिला तू लाडाने बेगम म्हणायचास. तिच्या हातचं सुंगटाचं म्हणजे कोळंबीचं कालवण तुला फार आवडायचं. तिने रिक्षाचं विचारलं तर विकू नको असं सांग. शुद्ध आणि प्रेमळ मराठीत बोल."

एवढंच. तिने फाइल मिटली आणि मदतनीस सुरू केला. सुरू होताना पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न आला. महरीनने तो मराठीत सांगितला. हे यंत्र विचारतंय की या फोल्डरमध्ये जे लिहून ठेवलंय त्यावर तुमचा विश्वास आहे का?

"बघा," मृणाली लोकांना म्हणाली. "यंत्रसुद्धा विचारतंय. आपण विचारलं नाही."

रझियाभाभी पुढे आल्या. लाजत होत्या, पण हसू आवरत नव्हतं. त्यांनी कसे आहात म्हणून विचारलं, महरीनने ते टाइप केलं आणि अक्षरं उमटू लागली. 'बेगम, मी इथे सुखात आहे. तुझ् या हातच् या कालवणाची मात् र आठवण येते. तू एकटी पडलीस याचं दुःख होतं.'

सभागृहातल्या लोकांचं लक्ष फारुकभाईंकडे गेलं. ते पहिल्या रांगेच्या कडेला, हात बांधून, स्वतःच्या आत्म्याचं बोलणं वाचत उभे होते.

"मी अजून गेलेलो नाय," ते म्हणाले. "आणि माझी जोडाक्षरं धड हायत."

हसण्याचा असा लोट उठला की बाहेरचे रिक्षावाले दारात येऊन डोकावले. स्वामींच्या चेहऱ्यावरचं स्मित तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचा माणूस कुठे तरी निघून गेल्यासारखा दिसत होता.

हसू ओसरल्यावर रझियाभाभींनी ठरल्याप्रमाणे विचारलं की रिक्षा विकू का? उत्तर आलं, 'नको बेगम, ती माझी आठवण आहे, विकू नकोस.' महरीनने मदतनीस बंद केला. ती फाइल पुन्हा उघडली. सगळ्यांना दिसेल अशी अक्षरं मोठी केली, 'विकू नको' एवढंच खोडलं आणि त्या जागी 'विकून टाक' लिहिलं. बाकी एक काना हलवला नाही. मग पुन्हा सुरू करून तोच प्रश्न विचारला. उत्तर आलं. 'बेगम, जुन् या वस् तूत जीव गुंतवू नकोस. विकून टाक, माझ् या आत् म् याला शांती मिळेल.'

आता कोणी हसलं नाही. तोच फारुक, तीच बायको, तेच प्रेम. आणि एका ओळीवर सगळा उलटा सल्ला. काही माणसं हळूहळू स्टेजवरच्या त्या मिटलेल्या लॅपटॉपकडे बघायला लागली. मघाशी माळेखाली वाचलेला शब्द म्हणजे तिथल्या फोल्डरचं नाव, हे त्यांना आता समजत होतं.

हौसाकाकी उठल्या. पाय दुखत होता, म्हणून खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. त्या महरीनकडे नाही, मृणालीकडे नाही, सरळ स्वामींकडे बघत होत्या.

"सुया बंद कर, ही ओळ कोणी लिवली?"

स्वामी लहरी आणि अपवित्र हात यांविषयी काही तरी म्हणायला लागले. हौसाकाकींनी त्यांना पुरतं बोलू दिलं आणि तोच प्रश्न तेवढ्याच शांतपणे पुन्हा विचारला. मग म्हणाल्या की मी इथे दर्शनाला सांगितलं होतं, ह्यांना माझ्या सुया बघवत नसत, मी इंजेक्शन घ्यायला बसले की ते ओटीवर जाऊन बसत. पण बंद कर असं ते जन्मात कधी बोलले नव्हते. उलट, डबी हातात आणून देत आणि मग बाहेर जात.

दर्शनाताईने मान खाली घातली. स्वामी मागच्या दाराने गाडीत जाऊन बसले. लोकांनी त्यांना अडवलं नाही, कारण मृणालीने अडवू नका असं सांगितलं. मारून पळवलेला बाबा पुढच्या गावात हुतात्मा होऊन येतो, ती म्हणाली. याची रीतसर तक्रार होईल. जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि औषध बंद करायला लावलेलं आहे. त्याच दुपारी ती फारुकभाईंच्या रिक्षातून पोलीस ठाण्यात गेली.

पण त्याआधी सभागृह रिकामं होत असताना हौसाकाकी महरीनजवळ जाऊन बसल्या. तिला म्हणाल्या की ती फाइल पुसून टाक. काहीच लिहू नको. आणि मग विचार, माझा नवरा कुठे आहे. मृणाली नको म्हणत होती, पण हौसाकाकी हटल्या नाहीत. महरीनने रिकामं फोल्डर केलं आणि प्रश्न लिहिला. उत्तर यायला थोडा वेळ लागला. तिने ते वाचून दाखवलं. मला तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं. मी एक संगणकावरचा प्रोग्रॅम आहे. गेलेल्या माणसांशी मी बोलू शकत नाही आणि ते कुठे आहेत हे मला माहीत नाही.

वर्षाच्या आत दुसऱ्यांदा हौसाकाकींचा नवरा गेला होता. मृणालीने त्यांचा हात धरला आणि तिला पहिल्यांदाच प्रश्न पडला की आपण हे केलं ते बरोबर केलं ना.

"मग इतके दिस मी कोणाशी बोलत होते गो?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याशीच, काकी. तुम्ही सांगितलेलंच तुम्हाला परत मिळत होतं."

"म्हणजे चांगला बोललेला तेवढा माझा. आणि वाईट तेवढा त्या बाबाचा."

मृणालीने मान डोलावली. दोघी दवाखान्यात गेल्या. साखर तपासली, इन्सुलिन सुरू झालं, जखमेची रोज मलमपट्टी होऊ लागली. पायाच्या शेवटच्या बोटाचं टोक गेलं, पाय राहिला. मृणालीला ते बोटही वाचायला हवं होतं असं वाटत राहिलं. आपण थोडं आधी संशय घेतला असता तर.

महरीन पुढे पालीच्या आणि आसपासच्या महिला मंडळांत हा प्रयोग दाखवू लागली. प्रत्येक ठिकाणी ती एक गोष्ट न चुकता सांगते. यंत्र वाईट नाही, मी रोज त्याच्यावर पोट भरते. पण ते ज्याने मांडलं त्याचं ऐकतं, आणि कधी कधी कोणी न सांगताही छातीठोक चुकतं. म्हणून ते सांगेल ते तपासून घ्या. पडदा काळा असो की रंगीत, समोर स्वामी असो की कंपनी, किंवा अगदी मी असो.

स्वामी काही पोलिसांच्या हाती लागले नाहीत. काही महिन्यांनी हौसाकाकींना त्यांच्या राजापूरच्या बहिणीचा, काशीचा फोन आला. तिथे एक महाराज आलेत, नाव वेगळं आहे, दाढी वाढलेली आहे, पण काळी पाटी तीच. काशीच्या मुलाला, जो मुंबईत अपघातात गेला, ते बोलावणार होते. मृणाली त्या दिवशी दवाखान्यात अडकली होती. महरीन पुण्याला गेली होती. हौसाकाकींनी कोणाची वाट पाहिली नाही. काठी घेतली, इन्सुलिनची बाटली बर्फाच्या डब्यात घातली आणि राजापूरच्या एसटीत बसल्या.

महाराजांनी शंका असेल त्याने पुढे यावं म्हटल्यावर एक म्हातारी लंगडत पुढे गेली. महाराजांनी तिला ओळखलं आणि त्यांचा हात शालीखालच्या फोनकडे गेला. हौसाकाकी मात्र लोकांकडे वळल्या. त्यांना टर्मिनल हा शब्द आठवत नव्हता, फोल्डरही नाही.

"ह्या पाटीच्या आत कोणी तरी लिवून ठेवलेला असता," त्या म्हणाल्या. "तुमचा माणूस काय सांगतो ता मागनं ऐका. आधी ह्यांना सांगा, आतला लिवलेला आमका दाखवा. खरा असला तर दाखवायला काय हरकत हाय?"

आणि मग त्या पहिल्या रांगेत, काशीच्या शेजारी, दाखवतात का ते बघत बसल्या.